सॉ चिपवर चुंबकीय फिल्म: तुम्ही फील्ड मोजताय की तापमान?

गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थिनी तिच्या चुंबकीय फील्ड मोजणाऱ्या सॉ (सरफेस अकूस्टिक वेव्ह, म्हणजे पृष्ठभागावरून धावणारी ध्वनिलहर) सेन्सरचा सुंदर आलेख घेऊन आली. कॉइलमधला प्रवाह वाढवत गेलं की सेन्सरची फेज, म्हणजे लहर किती मागे-पुढे पोचते ते, छान गुळगुळीत वक्राने सरकत होती. मी विचारलं, "प्रवाह उलटा करून पाहिलास का?" ती म्हणाली, "हो मॅडम, उलटा केला तरी अगदी तसाच येतो. दोन्ही बाजू सारख्या." तिच्या दृष्टीने हा पुरावा होता. बायस (सतत ठेवलेलं स्थिर फील्ड) न दिलेल्या चुंबकीय फिल्मचा प्रतिसाद फील्डच्या चिन्हावर अवलंबून नसतो, हे तिने बरोबर वाचलं होतं. पण कॉइलची उष्णताही प्रवाहाच्या चिन्हावर अवलंबून नसते. चार दिवस तिने मुख्यतः कॉइलचं तापमान मोजलं होतं.

ही चूक वर्षाला दोन-तीनदा तरी बघायला मिळते. म्हणून हा लेख कृतीच्या क्रमाने लिहिला आहे. चिप कुठल्या क्रमाने तयार करायची, काय आधी तपासायचं आणि कुठली तपासणी दिसायला तपासणी असली तरी काहीच सिद्ध करत नाही, एवढंच यात आहे.

कामाला लागण्याआधी: नक्की काय बदलतं

क्वार्ट्झसारख्या पीझोइलेक्ट्रिक तुकड्यावर एकमेकांत अडकवलेल्या दोन कंगव्यांसारखे इलेक्ट्रोड असतात. त्याला इंटरडिजिटल ट्रान्सड्यूसर म्हणतात, आपण नुसतं आयडीटी म्हणू. एका आयडीटीला रेडिओ फ्रिक्वेन्सीचा सिग्नल दिला की पृष्ठभागावरून ध्वनिलहर निघते आणि दुसऱ्या टोकाच्या आयडीटीवर तिचा पुन्हा विद्युत सिग्नल होतो. वाटेत मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह फिल्म असते, म्हणजे चुंबकन बदललं की जिची लांबी किंचित बदलते अशी.

लहर फिल्मला ताणते तेव्हा फिल्ममधलं चुंबकनही थोडं वळतं आणि त्या वळण्याने ती आणखी थोडी ताणली जाते. म्हणजे फिल्म असते त्यापेक्षा मऊ भासते. किती मऊ, ते बाहेरच्या फील्डवर ठरतं. फील्ड खूप झालं की चुंबकन जखडून जातं आणि फिल्म पुन्हा ताठ होते. याला डेल्टा-ई इफेक्ट म्हणतात. कातरणारी लहर असेल तर शिअर मॉड्युलस बदलतो, म्हणून डेल्टा-जी. फिल्म मऊ तर लहर हळू, लहर हळू तर फेज मागे. म्हणजे फील्ड फिल्मला जाणवतं, लहर फक्त वेळ मोजते. लक्ष मात्र सगळ्यांचं लहरीवर असतं, आणि इथेच घोडं पेंड खातं.

पुढे सगळीकडे एकच चिप उदाहरणाला घेते. एसटी-कट (ठरावीक कोनात कापलेलं) क्वार्ट्झ, लहर स्फटिकाच्या एक्स-अक्षाला काटकोनात, वर सिलिकॉन डायऑक्साइडचा सुमारे साडेचार मायक्रोमीटर थर. तरंगलांबी २८ मायक्रोमीटर, फ्रिक्वेन्सी सुमारे १४७ मेगाहर्ट्झ, म्हणजे वेग सेकंदाला साधारण ४,१०० मीटर. दोन आयडीटींच्या मध्यांमधलं अंतर ५ मिलिमीटर आणि फिल्म ३.८ मिलिमीटर लांब. फिल्मखाली सुमारे १३६ तरंगलांब्या बसतात, म्हणजे जवळपास ४९,००० डिग्री फेज. वेग दहा लाखांत एक भागाने बदलला तर फेज ०.०५ डिग्रीने हलते. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

१. सब्स्ट्रेट आणि लहर निवडा

नवशिके १२८ अंश वाय-कट लिथियम नायोबेट उचलतात, कारण त्याचं कपलिंग (विद्युत सिग्नल आणि लहर यांचं एकमेकांत रूपांतर) जोरदार असतं आणि सिग्नल लगेच दिसतो. पण त्याचा तापमानगुणांक अंश सेल्सियसला सुमारे ७५ पीपीएम (दहा लाखांत ७५ भाग) आहे. आपल्या चिपवर ५ मिलिमीटरमध्ये सुमारे ६४,००० डिग्री फेज बसते. तेवढ्याच फेज-लांबीची लिथियम नायोबेटची चिप एका अंशाला जवळजवळ ५ डिग्री सरकेल. शिकण्यासाठी, ठोकळ फील्ड ओळखण्यासाठी ते ठीक आहे. मायक्रोटेस्लाच्या खाली उतरायचं असेल तर क्वार्ट्झकडे या.

एसटी-कट क्वार्ट्झवर एक्स-दिशेची रॅले लहर खोलीच्या तापमानाला जवळपास स्थिर असते. तरी मी काटकोनातली कातरणारी लहर घेते. तिच्यावर कमी वेगाचा थर चढवला की ती पृष्ठभागाला चिकटून चालणारी लव्ह वेव्ह होते, ऊर्जा वरच्या थरात कोंडली जाते आणि फिल्मला तिचा मोठा वाटा मिळतो. तापमानाची पूर्ण स्थिरता मात्र यात हातची जाते.

२. फिल्म निवडा

मॅग्नेटोस्ट्रिक्शन जितकं जास्त तितकं चांगलं, असा एक समज आहे. तसं असतं तर सगळ्यांनी टर्फेनॉल-डी वापरलं असतं. त्याच्या लांबीतला बदल हजार पीपीएमच्या पुढे जातो खरा, पण त्याचं चुंबकन हलवायला फार मोठं फील्ड लागतं. आपल्याला हवा असतो लहान फील्डला मिळणारा मोठा बदल. त्यामुळे मॅग्नेटोस्ट्रिक्शन माफक, पण चुंबकीयदृष्ट्या मऊ अशी अस्फटिक मिश्रधातू जिंकते. लोह-कोबाल्ट-सिलिकॉन-बोरॉनची २०० नॅनोमीटर फिल्म ही भरवशाची सुरुवात. स्पटरिंगला (निर्वातात धातूचे अणू उडवून फिल्म चढवण्याला) तसं टार्गेट, म्हणजे त्या मिश्रधातूचा तुकडा, नसेल तर निकेलवर हात बसवा. निकेलचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन ऋण आहे आणि संवेदनशीलता कमी मिळेल, पण सगळी कृती तीच.

खाली क्रोमियम किंवा टँटलमचा ५ ते १० नॅनोमीटर थर द्या, नाहीतर फिल्म सोलते. आणि प्रत्येक वेळी चिपच्या शेजारी एक साधा साक्षी तुकडा ठेवून त्यावरही फिल्म चढू द्या. पाचव्या टप्प्यात तो लागणार आहे.

३. क्रम पाळा: उष्णतेची कामं आधी, चुंबकाचं शेवटी

क्रम असा: आयडीटी, त्यावर सिलिकॉन डायऑक्साइड, मग संपर्कासाठी पॅड उघडणं, मग लिफ्ट-ऑफने (नको तिथली फिल्म खालच्या लेपासकट उचलून काढून) फिल्मचा पट्टा, मग फील्डमध्ये ॲनीलिंग (तापवून थंड करणं), मग कापणं.

एका गटाने ॲनीलिंग आधी करून वर संरक्षक थर चढवला. तो थर प्लाझ्मा कक्षात ३०० अंशांना चढतो. फिल्मला दिलेली दिशा तिथेच पुसली गेली आणि दोन महिने कुणाला कळलं नाही.

दुसरी घाई म्हणजे फिल्म सरळ आयडीटीवर ओढणं. फिल्म धातूची आहे, मध्ये इन्सुलेटर नसेल तर कंगवे शॉर्ट होतात. मध्ये थर असला तरी मी फिल्म दोन आयडीटींच्या मधल्या जागेतच ठेवते; आयडीटीवर गेली की फेज आणि कपलिंग दोन्ही एकदम बदलतात आणि नंतर काहीच वेगळं काढता येत नाही.

*तपासा:* फिल्मचा पट्टा लहरीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा जास्त रुंद हवा. कडेची चुंबकीय डोमेन्स (एकाच दिशेच्या चुंबकनाचे छोटे भाग) वेडीवाकडी असतात, ती लहरीच्या वाटेत यायला नकोत.

४. फील्डमध्ये ॲनीलिंग

२५० ते २७० अंश, निर्वातात, फिल्मच्या प्रतलात स्थिर फील्ड देऊन. फील्ड ज्या दिशेने, ती फिल्मची ईझी ॲक्सिस, म्हणजे चुंबकनाची आवडती दिशा, होते. मोजायचं फील्ड तिला काटकोनात, म्हणजे हार्ड ॲक्सिसवर यायला हवं. ईझी ॲक्सिसवर मोजलं तर चुंबकन सलग वळण्याऐवजी टपकन उलटतं आणि हाती फक्त उड्या लागतात.

थंड होईपर्यंत फील्ड काढू नका. भट्टी बंद केली, चहाला जाताना चुंबकही उचलून ठेवला, असं करणाऱ्यांची फिल्म दिशाहीन निघते.

चिप भट्टीतून काढल्याक्षणी मागच्या बाजूला हिऱ्याच्या पेनाने बाण कोरा. कापल्यावर चौकोनी चिपच्या चारही बाजू सारख्याच दिसतात. बाण मार्करने काढू नका, ॲसिटोनमध्ये तो जातो.

५. साक्षी तुकडा मोजा

व्हायब्रेटिंग सॅम्पल मॅग्नेटोमीटर किंवा मोक (परावर्तित प्रकाशावरून चुंबकन मोजणारं यंत्र), जे हाताशी असेल त्यावर साक्षी तुकड्याचा हिस्टेरेसिस लूप (फील्ड पुढे-मागे नेताना चुंबकन कसं बदलतं त्याचा आलेख) दोन दिशांना घ्या. एका दिशेला चौकोनी लूप, काटकोनात तिरपी सरळ रेष आणि मग सपाट: हे दिसलं तर पुढे जा. तिरपी रेष जिथे सपाट होते ते ॲनिसोट्रॉपी फील्ड. अशा फिल्ममध्ये ते साधारण एक ते काही मिलिटेस्ला येतं. बायस कुठे शोधायचा हे त्यावरून आधीच कळतं.

दोन्ही दिशांना सारखाच गोलसर लूप आला तर चिप जोडायच्या भानगडीत पडू नका. परत चौथा टप्पा.

६. बसवणी: चुंबकीय चोर शोधा

या टप्प्याला लोक अर्धा तास देतात. मी एक दिवस देते.

एक साधा नियम. चिपच्या दहा सेंटिमीटरच्या आत येणारी प्रत्येक वस्तू आधी एका लहान, जोरदार चुंबकाजवळ दोऱ्याने टांगून पाहायची. हलली तर बाहेर. हे केल्यावर काय काय हलतं ते ऐका: सोनेरी दिसणारे एसएमए कनेक्टर, कारण मुलाम्याखाली निकेल असतं. धातूची तयार पॅकेजेस, कारण ती बरेचदा कोव्हारची, म्हणजे लोह-निकेल-कोबाल्टची असतात. "स्टेनलेस आहे, चुंबक लागत नाही" म्हणून दिलेले स्क्रू, जे वळवताना-ठोकताना थोडे चुंबकीय झालेले असतात. आणि सगळ्यात बेरकी चोर म्हणजे तापमान मोजायला लावलेला के-टाइप थर्मोकपल. त्याची ॲल्युमेल तार चुंबकीय आहे. सेन्सर वाचवायला ठेवलेला पहारेकरीच घरात हात मारतो! टी-टाइप लावा, तांबं आणि कॉन्स्टंटनचा.

स्क्रू पितळेचे किंवा नायलॉनचे, ठोकळा तांब्याचा.

चिकटवणं हा वेगळा विषय. चिप खालून पूर्ण इपॉक्सीने चिकटवली की सुकताना इपॉक्सी आकसतो, क्वार्ट्झ किंचित वाकतं, आणि मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह फिल्मवर ताण आला की तिची ॲनिसोट्रॉपी, म्हणजे ठरावीक दिशेची ओढ, बदलते. फील्डने लांबी बदलते तसंच ताणाने चुंबकन बदलतं. सौदा दोन्हीकडून चालतो. मऊ सिलिकोनचा एक ठिपका, तोही एकाच टोकाला, पुरे.

७. फील्डशिवाय विद्युत तपासणी

नेटवर्क ॲनालायझरवर एस-२१ (एका आयडीटीतून दुसऱ्यापर्यंत पोचणारा सिग्नल) घ्या, २० मेगाहर्ट्झ स्पॅन, किमान ८०१ बिंदू. पासबँडवर, म्हणजे चिप ज्या फ्रिक्वेन्सी पुढे जाऊ देते त्या पट्ट्यावर, लाटा दिसतील. त्या कुठून आल्या हे त्यांच्यातल्या अंतरावरून कळतं. आपल्या चिपवर लहरीला सुमारे १.२२ मायक्रोसेकंद लागतात. लाटांमधलं अंतर ०.८२ मेगाहर्ट्झच्या आसपास असेल तर सिग्नल हवेतून सरळ उडी मारतोय: ग्राउंडिंग सुधारा, आयडीटींच्या मध्ये शील्ड घाला. अंतर त्याच्या निम्मं, ०.४१ मेगाहर्ट्झ असेल तर लहर पलीकडून परत येऊन पुन्हा जातेय, म्हणजे ट्रिपल ट्रान्झिट एको.

टाइम गेट (ठरावीक वेळेत पोचलेला सिग्नलच ठेवणारी गाळणी) लावून ०.८ ते २ मायक्रोसेकंदांमधला भागच ठेवा. ट्रिपल ट्रान्झिट ३.६ मायक्रोसेकंदांच्या आसपास येतो, तो आपोआप बाहेर राहतो.

*सावधान:* गेटिंगने आलेख साफ होतो, सर्किट साफ होत नाही. पुढे एकाच फ्रिक्वेन्सीवर फेज मोजताना गेट नसतो आणि थेट उडी मारणारा सिग्नल तिथे पुन्हा येतो. म्हणून तो मुळातच खाली आणा, मुख्य सिग्नलपेक्षा निदान ३० डीबीने.

मग कॉइल बंद ठेवून, एकाच फ्रिक्वेन्सीवर तासभर फेज आणि तापमान दोन्ही नोंदवा. समजा तापमानगुणांक २० पीपीएम निघाला. तर एका अंशाला १.३ डिग्री. सेन्सरची संवेदनशीलता मिलिटेस्लाला ५०० डिग्री असेल तर ही १.३ डिग्री म्हणजे २.६ मायक्रोटेस्लाचं खोटं फील्ड. हा तासाभराचा आलेख नसेल तर पुढचे सगळे आलेख मी बघत नाही.

आमच्याकडे या तासाभरात एकदा पायऱ्या दिसल्या. फेज सपाट, मग एकदम खाली, दोन मिनिटांनी परत वर. इमारतीची लिफ्ट होती. तेव्हापासून बारीक मोजमाप रात्री दहानंतर.

८. कॉइल आणि पृथ्वी

हेल्महोल्ट्झ कॉइल म्हणजे दोन सारख्या कॉइल, मधलं अंतर त्रिज्येइतकं. हिशेब सोपा: मायक्रोटेस्लात फील्ड = ०.९ गुणिले एका कॉइलचे वेढे गुणिले अँपिअर, भागिले मीटरमधली त्रिज्या. ३०० वेढे आणि ५ सेंटिमीटर त्रिज्या घेतली तर अँपिअरला ५.४ मिलिटेस्ला. सॅच्युरेशनसाठी, म्हणजे चुंबकन पूर्ण जखडण्यासाठी, दोन अँपिअर, म्हणजे १०.८ मिलिटेस्ला, पुरतात.

पण ०.८ मिलिमीटरच्या तारेने अशा दोन कॉइल भरल्या तर दोन अँपिअरला साधारण २६ वॉट उष्णता चिपच्या दोन्ही बाजूंना सुटते. सुरुवातीच्या गोष्टीतला आलेख इथूनच आला होता. सॅच्युरेशन दोन-तीन सेकंद द्या, प्रवाह शून्य करा, थांबा.

पॉवर सप्लायही पाहा. एक मिलिअँपिअर रिपल (प्रवाहातला चढउतार) म्हणजे ५.४ मायक्रोटेस्ला. बाजारातल्या साध्या बेंच सप्लायवर नॅनोटेस्लाची स्वप्नं बघू नयेत. बारीक मोजमापासाठी कमी वेढ्यांची वेगळी कॉइल गुंडाळा.

पृथ्वीचं फील्ड महाराष्ट्रात साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे आणि आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने त्याचा बहुतेक भाग आडवा, उत्तर-दक्षिण असतो. म्हणून सेन्सरची मोजणारी दिशा होकायंत्राने पूर्व-पश्चिम लावा. फुकटात बराचसा शून्याजवळ याल. जर्मनीतल्या पेपरमधली मांडणी जशीच्या तशी उतरवू नका, तिथे फील्ड बरंचसं उभं असतं.

९. स्वीप: नेहमी एकाच बाजूने

धन सॅच्युरेशनपासून शून्याकडे, मग ऋण सॅच्युरेशन, मग परत. शून्यापासून सुरुवात करायची नाही, कारण शून्यावर फिल्म कुठल्या अवस्थेत आहे हे तिच्या मागच्या इतिहासावर ठरतं. फेज आणि अँप्लिट्यूड दोन्ही नोंदवा. फेज १८० डिग्रीवरून उणे १८० वर उडी मारते ती फिल्मची नव्हे, यंत्राची उडी. ती आधी उलगडून घ्या.

चांगल्या चिपवर शून्याच्या दोन्ही बाजूंना, ॲनिसोट्रॉपी फील्डच्या जवळपास, वेग सगळ्यात कमी होतो आणि पुढे सॅच्युरेशनला सपाट होतो. हे सपाट होणंच आता कामाला येतं. फील्ड सॅच्युरेशनच्या पुढे गेल्यावरही फेज सरकत राहिली तर ती उष्णता आहे. प्रवाह बंद केल्यावर फेज क्षणात परतली तर चुंबकीय, रेंगाळत मिनिटांनी परतली तर उष्णता. प्रवाह उलटा करून पाहणं इथे निरुपयोगी आहे, दोघांचं उत्तर तेच येतं.

१०. बायस

जिथे वक्राचा उतार सगळ्यात तीव्र, तिथे बायस ठेवावा असं पुस्तकी उत्तर. मी तिथे ठेवत नाही. तीव्र उतारावर डोमेन्सही जास्त चुळबुळतात आणि आवाज (नॉइज) वाढतो. चार-पाच जागी उतार आणि आवाज दोन्ही मोजून त्यांचं गुणोत्तर जिथे उत्तम तिथे थांबा. दर वेळी सॅच्युरेशनवरून उतरूनच त्या जागी या. खालून चढून आलात तर तोच आकडा वेगळी संवेदनशीलता देईल.

बायससाठी निओडिमियमचा चुंबक लावायचा मोह होतो, वीज वाचते. त्याचं फील्ड दर अंशाला सुमारे ०.११ टक्के घसरतं. बायस एक मिलिटेस्ला असेल तर अंशाला १.१ मायक्रोटेस्ला सरकलं. समेरियम-कोबाल्ट यात बराच बरा.

११. लहान फील्डने कॅलिब्रेशन, आणि खरा पुरावा

बायसवर बसून १ मायक्रोटेस्लाचं, १० हर्ट्झचं लहान फील्ड द्या. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींपासून दूर राहा. लॉक-इनने (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल वेचणाऱ्या ॲम्प्लिफायरने) फेजमधला बदल मोजा. फील्ड निम्मं केल्यावर उत्तरही निम्मं यायला हवं. रेडिओ फ्रिक्वेन्सीची पॉवर ६ डीबीने कमी केल्यावर संवेदनशीलता तीच राहायला हवी. बदलली तर लहरच फिल्मला ढवळतेय किंवा तापवतेय.

आता बायसचं चिन्ह बदला, आधी उलट्या सॅच्युरेशनला नेऊन. वक्राचा उतार उलटा झाला, म्हणून लॉक-इनवरचं उत्तर १८० डिग्रीने पलटलं पाहिजे. तारांमध्ये शिरलेला १० हर्ट्झचा प्रेरित सिग्नल पलटणार नाही. कॉइलची थरथर पलटणार नाही. लहान कॉइलची उष्णताही पलटणार नाही, आणि ती तर प्रवाहाच्या वर्गाने चालत असल्याने मुख्यतः २० हर्ट्झवर सापडेल. चुंबकीय फिल्मऐवजी तेवढ्याच जाडीचा तांब्याचा थर असलेली जुळी चिप त्याच जागी बसवून सगळं पुन्हा करा. तिथे काहीही दिसता कामा नये.

विद्यार्थिनीने बायस पलटून पाहिलं तेव्हा तिच्या सिग्नलचा सुमारे पाचवा भाग पलटला. बाकीचा जागचा हलला नाही. तो पाचवा भाग तिचा सेन्सर.

१२. सर्वांत लहान किती दिसतं

कॉइल काढून घ्या, बायस ठेवा, फेजचा नॉइज स्पेक्ट्रम घ्या. त्याला संवेदनशीलतेने भागलं की मर्यादा मिळते. ०.०००५ डिग्री प्रति रूट हर्ट्झ भागिले मिलिटेस्लाला ५०० डिग्री, म्हणजे १ नॅनोटेस्ला प्रति रूट हर्ट्झ. हा आकडा कुठल्या फ्रिक्वेन्सीला, हे न लिहिता सांगितला तर त्याला अर्थ नाही, कारण खालच्या फ्रिक्वेन्सीला आवाज चढत जातो. जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये याच जातीच्या लव्ह-वेव्ह सेन्सरसाठी १० हर्ट्झला २५० आणि १० किलोहर्ट्झला ८० पिकोटेस्ला प्रति रूट हर्ट्झ दाखवले. तुमचा आकडा पहिल्याच झटक्यात याच्याखाली आला तर आनंदाने उड्या मारण्याआधी भागाकारात मिलि आणि मायक्रोची अदलाबदल झाली नाही ना, ते बघा. आणि नॉइज सॅच्युरेशनलाही एकदा मोजा: तिथे फिल्म गप्प असते, उरतो तो इलेक्ट्रॉनिक्सचा आवाज. दोन्ही सारखेच आले तर नवी फिल्म करण्याआधी ॲम्प्लिफायर बदला.